माळ्यावरची पेटी

उलंगवाडी झाली, म्हणजे कपाशीचा हंगाम संपला, पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर रचल्या की फेब्रुवारी-मार्चात वऱ्हाडातल्या घरांना जरा उसंत मिळते. मग माळा झाडायला काढतात. जुनी पोती, फुटका कंदील, लेकरांचा पाळणा आणि या सगळ्यामागे चादरीत गुंडाळलेली पेटी. पेटी म्हणजे हार्मोनियम. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गाणी वाजवायची म्हणून हौसेनं घेतलेली. मग लग्न, कर्ज, बोंडअळी, पोरांची शिक्षणं. ती वर गेली ती गेलीच.

पन्नाशी-साठीत ही पेटी खाली काढणाऱ्या ख्रिस्ती विश्वासी माणसासाठी हे लिहितो आहे. कुणाची दहावी राहिली असेल, कुणाचं लिहिणं, कुणाचं शिवणकाम. त्यांनी पेटीच्या जागी आपलं काम ठेवून वाचावं. पेटी निवडली ती अशासाठी की तिच्यातला बिघाड डोळ्यांना दिसतो.

अशा वेळी प्रार्थनेत बायबलातल्या योएलचा दुसरा अध्याय हमखास निघतो: टोळांनी खाल्लेल्या वर्षांची भरपाई देव करून देईल. वचन २५. आपल्या भागात हे समजावून सांगायला लागत नाही. २०२० च्या मे अखेरीस मध्य प्रदेशातून टोळधाड मोर्शी-वरुडात उतरली, मग आष्टी-काटोलकडे सरकली. लोक थाळ्या आणि डबे बडवत शेतात उभे होते. टोळ पाला खातो, कोवळी फूट खातो. झाडाचं खोड मात्र उभं राहतं. योएलातली भरपाई कशी आहे हे पाहायचं तर आधीची दोन वचनं वाचावी लागतात. २३ मध्ये आगोटीचा आणि वळवाचा पाऊस आहे, २४ मध्ये धान्यानं भरलेली खळी आहेत. म्हणजे गेलेलं पीक परत मिळत नाही, पुढचा हंगाम मिळतो. आणि खळं भरायला मधे नांगरणी, पेरणी, निंदण हे सगळं कुणीतरी केलेलं असतं. पेटीसमोर डोळे मिटून बसल्यानं बोटं सुटत नाहीत.

त्याच अध्यायात वचन २८ ला म्हाताऱ्यांना स्वप्नं पडतील असं आहे. सभेत या वचनाचा अर्थ ‘तुमच्या राहिलेल्या इच्छा पुऱ्या होतील’ असा लावलेला ऐकू येतो. तो ओढून लावलेला आहे. तिथे देवाचा आत्मा सगळ्यांवर ओतला जाण्याची गोष्ट आहे, आपल्या हौशीची नाही. यिर्मया २९:११ चंही तेच. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ते वचन एकटं छापतात. पण ते बाबेलात कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. त्याच पत्रात वचन १० ला ७० वर्षांचा काळ सांगितला आहे, आणि वचन ५ ला घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा असा सरळ कामाला लावणारा हुकूम आहे. संत्र्याचं कलम लावल्यावर धड फळ धरायला पाचवं वर्ष उजाडतं, हे माहीत असलेल्या माणसाला या हुकमाचं वजन कळतं.

संत्र्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. आंबिया बहार, म्हणजे हिवाळा सरताना येणारी फुलं, हवा असेल तर डिसेंबर-जानेवारीत बागेचं पाणी तोडतात, झाडाला ताण देतात. त्याशिवाय फुलं धरत नाहीत. यावरून ‘तुमची कोरडी वर्षं म्हणजे देवानं दिलेला ताण होता’ असा संदेश देता येतो आणि ऐकायला गोडही वाटतो. पण बागायतदार सांगेल, ताण हलक्या जमिनीत कमी दिवस आणि भारी जमिनीत जास्त दिवस द्यावा लागतो, आणि तो लांबला तर पानगळ होऊन झाड वाळायला लागतं. प्रत्येक कोरडं वर्ष ताण नसतं. काही वर्षं नुसता दुष्काळ असतो. दुष्काळ सोसलेल्या माणसाला तो ताण होता असं सांगू नये.

आता पेटी खाली घ्या.

चादर घराबाहेर झटका, अंगणात. आत विंचू-पाल असते, कधी उंदराचं घरटं. लगेच भाता मारून पाहायचा मोह होतो, तो आवरा. आतली धूळ आणि कसरीनं कुरतडलेल्या बनातीचे (जाड लोकरी कापडाचे) तुकडे हवेबरोबर थेट रीडमध्ये, म्हणजे सूर देणाऱ्या पितळी जिभांमध्ये, जाऊन बसतात, आणि जे सूर बरे होते तेही मुके होतात. आधी वरचं झाकण काढून मऊ ब्रशनं धूळ बाहेरच्या बाजूला झाडा. मग पट्ट्यांचा मोबाइलवर फोटो काढा. पट्टी काढायची वेळ आली तर प्रत्येकीवर पेन्सिलीनं नंबर घाला. सव्वातीन सप्तकाच्या पेटीत ३९ पट्ट्या असतात, साडेतीनच्या पेटीत ४२. एकसारख्या दिसतात, पण एकीची जागा दुसरीला सहसा बसत नाही.

पट्ट्यांचा भाग बाजूचे स्क्रू किंवा आकडे काढून उचलता येतो. खाली पितळी रीडची रांग दिसेल. हिरवट डाग दिसले तर घाबरू नका, पितळावर ते येतातच. जी रीड बोलत नाही तिच्या जिभेखालून वहीच्या पातळ कागदाची पट्टी हलक्या हातानं सरकवा. बहुतेकदा कापसाचा एखादा तंतू किंवा मेलेला किडा अडकलेला असतो. तोंडानं फुंकू नका, वाफेनं ओल बसते. खोबरेल तेल तर चुकूनही नको. दाराच्या बिजागरीला चालतं म्हणून रीडला आणि पट्टीच्या खिळ्याला तेल सोडणारे आहेत. आठवड्याभरात त्या तेलावर धूळ धरते आणि रीड कायमची बसते. सूर उतरला किंवा चढला असेल तर कानशीला हात लावू नका. जिभेच्या टोकाकडे घासलं तर सूर चढतो, बुडाकडे घासलं तर उतरतो, एवढं ज्ञान पुरेसं वाटतं आणि पेटी बिघडते. घासलेलं पितळ परत भरून येत नाही. ते काम कारागिराचं.

भाता पाहायचा तो असा. समोरच्या, हवा सोडणाऱ्या सगळ्या खुंट्या आत ढकला, भाता पूर्ण भरा, हात काढा. हवा धरून राहिला तर चामडं-कापड शाबूत आहे. भराभर बसला तर घड्यांच्या कोपऱ्यांवर गाल धरून पाहा, गळती गालाला लागते. उंदीर बहुधा तिथूनच कुरतडतो. मग खुंटी ओढून एकच सूर दाबा. भरलेला भाता पंधरा-वीस सेकंद तरी तो सूर टिकवायला हवा. कोपऱ्याच्या छोट्या भोकाला पातळ चामड्याचा तुकडा सरसानं लावून काम भागतं. चिकटपट्टी लावाल तर मे महिन्यात तिचा डिंक वितळून घडीला घडी चिकटेल.

एखादा सूर पट्टी न दाबताच वाजत राहिला, तर त्या पट्टीची स्प्रिंग सैल झाली आहे किंवा खालची बनात कसरीनं खाल्ली आहे. दोन्ही स्वस्तात होणारी कामं. पट्टी दाबली आणि वर आलीच नाही, तर लाकूड फुगून शेजारणीला घासतं आहे. इथे महिना बघा. जुलै-ऑगस्टात घासपेपर घेतलात तर दिवाळीनंतर ती पट्टी सैल होऊन खडखडेल. पेटीची लाकडाची कामं हिवाळ्यात करावीत, फार तर मार्चपर्यंत. एप्रिल-मेच्या उन्हात लाकूड आकसतं आणि नसलेल्या फटी दिसायला लागतात.

एवढं झालं की पेटीचं खरं वय कळतं. आणि इथेच बरीच माणसं थांबतात. पेटी वाजत नाही म्हणून थांबत नाहीत. वाजते म्हणून थांबतात. पंचवीस वर्षं ‘पेटी बिघडली आहे’ हे कारण कामाला येत होतं. ते गेलं की उरतो तो आपला हात.

त्या हाताबद्दल सांगतो. जुनी गाणी बोटांना बरीच आठवतात, आठ-पंधरा दिवसांत चार-दोन चाली सुटायला लागतात. अडचण अशी की जुन्या चुकाही तितक्याच इमानानं परत येतात. अंगठा कुठे घालायचा हे तेव्हा कुणी शिकवलं नसेल तर तो आजही मधेच लोंबकळतो. म्हणून पहिले दोन आठवडे एकही गाणं नको. नुसता सा धरून आवाज लावा, दहा मिनिटं. मग सरळ सप्तक चढता-उतरता, मग तीन-तीन स्वरांचे गट, सारेग, रेगम, गमप; सगळं संथ, आणखी दहा मिनिटं. एकूण वीस. पहिल्याच दिवशी उत्साहात दीड तास बसणाऱ्याचं मनगट तिसऱ्या दिवशी दुखतं आणि पाचव्या दिवशी पेटीवर परत चादर पडते. वीस मिनिटांचा रियाज पहाटेच्या वचनवाचनाला जोडून ठेवला तर टिकतो. तीच जागा, तोच दिवा, आधी वचन, मग पेटी. थंडीत आधी कोमट पाण्यात बोटं मोकळी करून घ्या.

गुडघे साथ देत नसतील तर मांडी घालून बसण्याचा हट्ट सोडा. खुर्ची घ्या आणि पेटी अशा उंचीवर ठेवा की कोपर पट्ट्यांच्या किंचित वर राहील. स्टूल डगमगतं ठेवू नका. भात्याच्या हातानं पेटी मागे सरकत जाते आणि माणूस नकळत पुढे वाकत जातो. चष्मा हे दुसरं दुखणं. जवळच्या नंबरचा चष्मा पुस्तकासाठी असतो, पेटीवरचं पान त्याहून लांब असतं. गाणं एका कोऱ्या कागदावर जाड पेनानं, एका पानावर एकच असं उतरवून घ्या. लिहिताना पाठही होतं.

आवाज उतरलेला असणार. पुरुषांचे वरचे दोन-तीन सूर जातात. बायकांचा आवाजही पन्नाशीनंतर खाली येतो. काळी एकवर सा धरून गायची सवय असेल आणि गाण्यात तार सप्तकातला गंधार असेल, तर तिथे ओरडावं लागतं. मग पांढरी सातवर या, जमलं नाही तर काळी पाचवर. साध्या पेटीत पट्टी बदलली की सगळी बोटं बदलतात, म्हणून आपल्या आजच्या आवाजाची एकच पट्टी ठरवा आणि वर्षभर तिच्यातच वाजवा. ‘मी काळी एकचा गायक होतो’ हे सोडायला बराच वेळ लागतो. बोटांपेक्षा जास्तच.

हे चालू असताना बाहेर कळतंच. खेड्यात पेटीचा आवाज लपत नाही. “आता या वयात कायची पेटी?” हे पहिलं, आणि “बुढा नाताळात वाजवते म्हने” हे दुसरं. दोन्हींना उत्तर द्यायची गरज नाही, पण दुसऱ्यातून काम करून घेता येतं. तारीख ठरते. तारखेशिवायचा रियाज पेरणीपर्यंतच जगतो. मृग लागला की सगळं घर वावरात असतं आणि डवरणी-निंदण-फवारणीत पेटी मागे पडते. म्हणून हिशेब असा धरावा: मार्च ते मे रोज वीस मिनिटं. जून ते सप्टेंबर आठवड्यातून तीन दिवस, पण ते तीन चुकवायचे नाहीत. ऑक्टोबरपासून परत रोज, वेचणीच्या दिवसांत वेळ दिवा लागल्यावरची. एवढ्यात नाताळापर्यंत चार गाणी पक्की होतात. चारच. लूक १४:२८ मधला बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. चाळीस गाण्यांची यादी करणाऱ्यानं ते वचन दोनदा वाचावं.

मंडळीत कुठे वाजवायचं, हा नाजूक भाग. रविवारच्या उपासनेत बहुतेक ठिकाणी आता तरुण मुलं कीबोर्ड आणि गिटार घेऊन बसतात. पंचवीस वर्षांनी येऊन ती जागा मागणं बरं दिसत नाही, आणि मिळाली तरी टिकत नाही. पाळकांशी बोलून घरोघरच्या प्रार्थनासभेत बसा. तिथे वीस-बावीस माणसं असतात, माइक नसतो, चुकलं तर पुढची ओळ सावरून घेते. तिथे एक गोष्ट शिकायला मिळते जी घरी मिळत नाही: माणसं गाताना लय ओढतात. प्रत्येक कडव्याला गाणं थोडं संथ होत जातं. कच्चा पेटीवाला त्यांच्यामागे जातो आणि चौथ्या कडव्याला गाण्याची वरात निघते. टाळ किंवा ढोलकी धरणाऱ्याला शेजारी बसवा आणि केरव्याची (आठ मात्रांच्या तालाची) पहिली मात्रा जोरात द्यायला सांगा. फोनवर ठोके देणारं ॲप मिळतं, घरी त्याच्याबरोबर वाजवून पाहिलं तर आपणही किती ओढतो ते कळतं.

पुढे मुलांबरोबर वाजवायची वेळ आली तर आधी सूर जुळवून पाहा. जुनी पेटी कीबोर्डाशी तंतोतंत जुळेल याची खात्री नसते. थोडी चढी किंवा उतरी निघते. पेटीच्या रीड घासायला निघू नका. कीबोर्डात सूर बारीक वर-खाली करायची सोय बहुतेक असते. मुलाला सांगा, तो मिनिटभरात जुळवेल. त्याला तेवढं मागितलेलं आवडतंही.

उशिरा सुरू केलेल्या कामाची मोजदाद पवित्र शास्त्रात जागोजागी आहे. कालेब कनान देशात हेरगिरीला गेला तेव्हा ४० वर्षांचा होता. डोंगराळ मुलूख मागायला यहोशवापुढे उभा राहिला तेव्हा ८५. मधल्या ४५ वर्षांतली बहुतेक त्याच्या चुकीनं गेली नव्हती, बरोबरच्या हेरांच्या भीतीनं गेली. यहोशवा १४ मध्ये तो त्यांच्याबद्दल दोनच शब्द बोलतो आणि पुढे जातो, हे मला त्या अध्यायातलं सगळ्यात अवघड वाटतं. ज्यांच्यामुळे आपलं राहिलं ते वडील, सासरे, सावकार, सगळ्यांची यादी आपल्याकडे तयार असते.

मराठीतही दाखले आहेत. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलच्या मराठी भाषांतराचं काम उतारवयात अंगावर घेतलं आणि १९२२ मध्ये जाईपर्यंत त्यातच होत्या. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ चा. लिहा-वाचायला त्या लग्नानंतर शिकल्या. १९१९ मध्ये त्यांचे पती रेव्हरंड टिळक गेले तेव्हा रेव्हरंडांचं ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्ताच्या चरित्रावरचं काव्य अर्धवट होतं. ते पुढे बाईंनी ओवीतच पुरं केलं. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ मध्ये आला, म्हणजे तेव्हा त्या ६६ वर्षांच्या होत्या. ‘ख्रिस्तायना’तली ओवी आपल्याकडे कानात बसलेली असते. जात्यावर, अंगणात ऐकलेली. नवीन वृत्त शिकत बसल्या असत्या तर काय झालं असतं कोण जाणे. पेटीवाल्यानंही आधी कानात बसलेली चाल घ्यावी, पोरांचं नवीन गाणं नंतर.

ज्यांची दहावी राहिली आहे त्यांच्यासाठी १७ नंबरचा फॉर्म आहे, बाहेरून परीक्षा देता येते. त्याची मुदत मात्र परीक्षेच्या बरीच आधी संपते, म्हणून पावसाळ्यातच जवळच्या हायस्कुलात चौकशी करावी.  तिथेही वीस मिनिटांचा आणि तारखेचा हिशेब तोच.

आणि काही स्वप्नं माळ्यावरच बरी. ती ओळखायची एक साधी खूण आहे: कुणीही पाहणार नाही, साक्ष द्यायला उभं करणार नाही, तरी ते काम रोज वीस मिनिटं करावंसं वाटतं का? वाटत नसेल तर हवी होती ती पेटी नव्हे, पेटीवाल्याला मिळणारी खुर्ची. ती पेटी मंडळीतल्या एखाद्या पोरीला देऊन टाका, कारागिराचा खर्च आपण करून.

ठेवताना सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको, आत ओल कोंडते. शेजारी कापराच्या वड्या किंवा कडुलिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून ठेवा. टिनाच्या छपराखालचा माळा मे महिन्यात भट्टीसारखा तापतो आणि सरसाचे सांधे सुटतात. जमिनीपासून वीतभर उंच पाटावर, भिंतीपासून दोन बोटं दूर, रोज हात पोचेल अशी ठेवा.